आमच्या घरची चाल

माझ्या सासूबाईंच्या इस्त्रीच्या दुकानात येणाऱ्याला आधी वाकावं लागतं. काउंटर त्यांनी स्वतःच्या मापाने करून घेतलाय. सुतार बिचारा म्हणाला होता, "काउंटर गिऱ्हाइकाच्या उंचीचा करू, तुम्हाला उभं राहायला पाट देतो." त्यावर सासूबाई म्हणाल्या, "दिवसभर उभी मी राहणार आणि माप गिऱ्हाइकाचं? त्याला म्हणावं, तू वाक." तेव्हापासून वकील, मास्तर, बँकेचा मॅनेजर, सगळे कपडे घ्यायला कमरेत वाकतात आणि सासूबाई मानही वर न करता म्हणतात, "असू दे, असू दे. सुखी राहा."

उंची चार फुटांच्या आत, हात-पाय आखूड, चेहरा ठसठशीत आणि जीभ मात्र पूर्ण मापाची. एक हात कमरेवर ठेवून दोन्ही बाजूंना डुलत चालतात. माझा नवराही डुलतो, त्याचे आईकडचे आजोबाही डुलायचे. गल्लीत या घराण्याला 'बदकं' म्हणत. सासूबाईंनी सरळ दुकानाच्या पाटीवर बदकाचं चित्र काढून घेतलं आणि चिडवणाऱ्यांची मजाच संपवली. अशा घरात मी साडेपाच फुटांची सून आले. पहिल्याच दिवशी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून त्या म्हणाल्या, "चला, माळ्यावरचे डबे काढायची सोय झाली."

आम्हाला मुलगी झाली, पिटुकली. दिसायला चारचौघांच्या बाळासारखी. पण त्यावर पेढे वाटण्यात अर्थ नव्हता, कारण घरातल्या या हाडांच्या आजाराची खोडच ती. जन्मताना काही पत्ता लागू देत नाही. मूल चालायला लागलं, दोनेक वर्षांचं झालं, की मग डुलायला लागतं आणि वाढ मागे पडते. आईबापांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाच्या वेळी नवा छापा-काटा. रक्त तपासून आधी कळलं असतं, नाही असं नाही. पण सासूबाई म्हणाल्या, "कळलं तर काय, बदलून आणणार आहात?" आणि आम्ही तपासणीचा नाद सोडला.

माझा जीव टांगणीला लागला होता. बोलायचीही चोरी. ज्या चालीची मला धास्ती, ती चाल दोन वेळा माझ्याच हातचा चहा प्यायची.

पिटुकली दिवसभर दुकानात, आजीच्या पायांत. दोन वर्षांची होत आली तेव्हाची गोष्ट. मी डबा घेऊन दुकानात गेले, तर ती काउंटरमागून बाहेर आली. डावीकडे डुलली. उजवीकडे डुलली. शेजारी घड्या घालणाऱ्या नवऱ्याच्या हातातला शर्ट अर्ध्यावरच राहिला. मग करपल्याचा वास आला. सासूबाईंनी जन्मात कुणाचा कपडा जाळला नव्हता. त्या दिवशी वकिलांच्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर अख्खी इस्त्री उमटली. त्यांनी त्यावर एकही विनोद केला नाही.

"आई," मी उसनं अवसान आणून म्हटलं, "तुमच्यासारखी झाली तर काय बिघडलं?"

"उचलली जीभ, लावली टाळ्याला! तुला दिसतात वाकलेली गिऱ्हाइकं. संध्याकाळी शटर ओढताना माझे गुडघे काय बोलतात, ते तुला कधी ऐकवलंय मी? मी इस्त्रीला शिव्या देते ना, त्या इस्त्रीला नसतात गं." मग हळूच म्हणाल्या, "चाल घेऊ दे हवी तर. दुखणं नको."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून आम्ही सगळी वरात डॉक्टरीणबाईंकडे नेली. अशाच, पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या हाडांच्या आजारांच्या त्या जाणकार. सासूबाईंचा धंदा कळल्यावर त्यांनी समजावून सांगितलं, "मुलांची हाडं टोकाच्या कूर्चेतून, म्हणजे मऊ हाडातून वाढतात. तिथल्या पेशी एक प्रथिन बनवतात, त्याची घडी घालून बाहेर पाठवतात. तुमच्या जनुकात एक अक्षर बदललंय, म्हणून घडी चुकते. चुकलेला माल बाहेर जात नाही, आतच ढीग लागतो. त्या ढिगात पेशी गुदमरून मरते आणि हाड खुंटतं. सांधेही लवकर झिजतात."

"घडी चुकली तर उलगडून परत घालायची," सासूबाई म्हणाल्या. "एवढीही अक्कल नाही तिला?"

"धडपडते बिचारी. जमत नाही."

"माझ्याकडे पाठवा शिकायला." तोंड असं चाललं होतं, पण हातातल्या पिशवीचा बंद त्यांनी पिळून पिळून दोरी करून टाकला होता.

मग पिटुकलीला चालायला सांगितलं. ती ऐटीत डुलली. खोलीच्या टोकाला जाऊन वळली, एक हात कमरेवर ठेवला आणि तशीच डुलत परत आली. डॉक्टरीणबाईंनी त्या हाताकडे पाहिलं, मग सासूबाईंच्या हाताकडे.

"आजी, तुम्ही जरा बाहेर बसता?"

"मी काय केलं?" असं पुटपुटत सासूबाई गेल्या. दार लागलं. डॉक्टरीणबाईंनी एक चेंडू जमिनीवरून सोडला, आणि आमची कार्टी त्याच्यामागे बाणासारखी सरळ पळाली! दार उघडून आजीला आत घेतलं, तर हात पुन्हा कमरेवर.

तरी एक्स-रे काढले, रक्तही दिलं. काही आठवड्यांनी पुन्हा बोलावलं, तर दोन्हींत काही निघालं नव्हतं. ते चुकीचं अक्षर तिच्यात उतरलंच नव्हतं.

मी ओठ घट्ट मिटून उभी राहिले. सासूबाईंसमोर आनंद तरी कसा करायचा? 'तुमच्यासारखी नाही झाली, सुटलो' असं म्हणायचं?

"हस ना बाई," सासूबाई खेकसल्या, "फुटशील अशाने." मग मात्र मला रडूच कोसळलं, आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात फिरवला. त्यासाठी मी खाली बसले होते.

परत येऊन दुकान उघडल्या उघडल्या त्यांनी शाळाच भरवली. "हिला सरळ चालायला शिकवायचंय. तू चाल." मला काउंटरसमोरून इकडून तिकडे फिरवलं, नवऱ्याने टाळ्या वाजवून माझी लाज काढली. "बघ, आई कशी चालते. तसं चाल हं."

पिटुकलीने माझ्याकडे नीट पाहिलं. मग आजीकडे पाहिलं. हात कमरेवर ठेवला आणि डुलत डुलत जाऊन आजीच्या पायांना बिलगली.

"मूर्ख आहे कार्टी," सासूबाई म्हणाल्या. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आमच्यात ही चाल आजवर कुणी मागून घेतली नव्हती गं."

आणि न तापलेली इस्त्री कितीतरी वेळ एकाच रुमालावर फिरवत राहिल्या.