पाठीमागून ऐकणारी अँटेना

मानवी ज्ञानाचा इतिहास म्हणजे योग्य दिशेच्या शोधाचा इतिहास होय. प्रबंधाच्या प्रस्तावनेत मी हे वाक्य लिहिलं, तेव्हा माझ्या अँटेनाला पुढचं आणि मागचं यातला फरक कळत नव्हता.

अँटेना तळहाताएवढी होती. हिरव्या पाटीवर तांब्याचा पातळ थर आणि त्यात शिंगासारखी रुंदावत गेलेली फट. ती लहान हवी, मोबाइलच्या जुन्या-नव्या सगळ्या पट्ट्यांवर चालायला हवी आणि तिने एकाच दिशेचं ऐकायला हवं. यातल्या कुठल्याही दोन गोष्टी जमतात. तिसरी जमवण्यात मी दोन मुदतवाढी संपवल्या होत्या. उन्हाळ्यात प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द होणार होती.

अँटेना कुठल्या बाजूने किती ऐकते ते मोजायला लहरी शोषून घेणारी खोली लागते. आमच्या बीडच्या महाविद्यालयात अशा खोलीची नुसती कोनशिला होती. म्हणून मी मोजणीचं उपकरण उचललं आणि धारूरला आत्याच्या माळावर गेलो. तिथे चारी बाजूंना काहीच नव्हतं, आणि मला नेमकं तेच हवं होतं.

अँटेना हळूहळू गोल फिरवायची होती, आणि फिरवणारं साधन लोखंडी चालत नाही. आत्याकडे जातं होतं. ते उंच खडकावर मांडलं, कडेने खडूच्या खुणा केल्या, तोंडात बांबू रोवला. लांब बांबू डुलायचा, म्हणून कापून हातभर ठेवला. त्यावर अँटेना. समोर दूरवर दुसरी, बोलणारी. मी उपकरणापाशी बसायचो आणि आत्या खुंटा धरून एकेक खूण सरकवायची.

"कावून रे, पीठ न्हाई पडत तरी दळायचंच का?"

"आकडे पडतात, आत्या."

"मंग भाकरी त्याचीच थाप."

आकडे वाईट पडत होते. तोंड फिरवलं तरी अँटेना पाठीमागून निम्मं ऐकायचीच. मी बीडला परत जायचो, नवी अँटेना कापून तिच्या कडेला वेगळ्या खाचा पाडायचो, पुन्हा धारूरला यायचो. असं पाचदा केलं. जेवताना पानाच्या कडेला मिठाने फट काढायचो. वर्गात शिकवताना मध्येच थांबायचो, आणि मुलांना वाटायचं की सर विचार करतायत. मी उरलेले दिवस मोजत असायचो.

सहाव्या खेपेला मागच्या बाजूचा आकडा पुन्हा तसाच वर अडकलेला असताना शेरडं आत्याच्या तुरीत शिरली. ती खुंटा सोडून ओरडत धावली. मी पडद्याकडे पाहत होतो. आकडा धपकन खाली आला. ती परत येऊन बसली आणि तो वर गेला.

"आत्या, ऊठ जरा."

"आत्ताच बसले ना बाबा! गुडघं काय सरकारी हायत?"

ती उठली. आकडा खाली.

माणूस म्हणजे बहुतांश पाणी, आणि पाण्यावरून लहरी परततात. पाठ केलेल्या अँटेनाच्या अगदी समोर, तिच्याच उंचीवर, आत्या बसलेली असायची. बोलणाऱ्या अँटेनाचा आवाज आत्यावर आपटून माघारी यायचा. पाच अँटेना मी विनाकारण कापल्या होत्या. हे तिला सांगणं भाग होतं.

"म्हंजी तुजं यंत्र माज्याकडूनच ऐकतंय?"

"हो."

"बरं झालं. या घरात लई दिवसांनी कुनीतरी ऐकतंय."

मग जात्याला दोरी गुंडाळली. आत्या वीस पावलांवर, खडकाच्या खाली बसून ओढायची आणि प्रत्येक खुणेला "आली का?" म्हणून ओरडायची. मागचं ऐकणं संपलं. प्रबंधात या सगळ्याची नोंद 'अधातू, दूरनियंत्रित परिभ्रमण मंच' अशी झाली. प्रबंध मुदतीच्या आदल्या दिवशी गेला.

तोंडी परीक्षेला मी मागच्या बाजूचे एकोणीस आलेख घेऊन उभा होतो. आत्या आणि शेरडं वगळून सगळा खुलासा पाठ होता. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रबंध मधेच उघडला, मिटला, शाल स्वीकारली आणि एकच प्रश्न विचारला, मांजरसुंब्याच्या फाट्यावरून पुढची गाडी किती वाजता मिळते. ती साडेचारला होती.