भोंग्याचं रीडिंग

पर्यावरणात एम.फिल. म्हटल्यावर तुम्ही वाट बघत असाल, आता हा वाघ काढणार, निदान एखादं खारफुटीचं जंगल तरी. सॉरी. माझ्या एम.फिल.मध्ये झाड एकच, डिपार्टमेंटच्या झेरॉक्सवाल्याने टेकायला धरलेलं. बाकी सगळे कागद.

आमचा विषय आंतरविद्याशाखीय. हा शब्द कणकवलीच्या शाळेत ऐकला असता तर सायन्सच घेतलं नसतं. त्याचा अर्थ असा, की पेपर दोन्हीकडचे द्यायचे, गाईड दोन घ्यायचे आणि दोघं हो म्हणेपर्यंत प्रबंध जमा करायचा नाही. माझे एक फिजिक्सचे सर, एक समाजशास्त्राच्या मॅडम. प्रबंध गिरणगावातल्या आवाजावर, संपाआधीच्या आणि आताच्या. आताचा मीटरने मोजला. आधीचा कुठून आणू? गिरण्या बंद. मॅडम म्हणाल्या, कामगारांना विचार. विचारलं. सगळ्यांचं एकच, भोंगा लय मोठा होता.

सर म्हणाले, "मोठा हे रीडिंग नाही."

मॅडम म्हणाल्या, "माणसं काय मीटर आहेत का?"

मी यांच्या केबिनमधून त्यांच्या केबिनमध्ये. मुदत संपत आलेली. येत्या सेमिनारमध्ये दोघं हो म्हणाले नाहीत तर रजिस्ट्रेशन रद्द आणि आपण परत कणकवलीला. शेवटी कंटाळून मॅडमसमोर सरांचा आवाज काढला, "मोठा म्हणजे किती मोठा?"

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आवाज काढता येतात, मग भोंगाच काढ ना. लोक सांगतील, याहून मोठा होता की लहान. मीटर शेजारी ठेव."

सर पण 'चालेल' बोलले. दोघांचं पहिल्यांदा जमलं, ते पण माझ्या घशावर.

मी लालबागला काका-काकूंकडे राहायचो. काका गिरणीत होते, संपापासून घरी. गिरणीचं काही विचारलं की पेपर उघडायचे.

भोंग्याला दम लागतो. खालून उचलायचा, वर चढवायचा, मग तिथेच ताणून धरायचा. दुपारी गॅलरीत तोंडावर पत्र्याचा डबा धरून प्रॅक्टिस चालायची. आधी कुत्रा रडल्यासारखा यायचा. एका दुपारी जमला. मीटरचा काटा पण सरकला.

आत झोपलेले काका शर्टाची बटणं लावत बाहेर आले. "डबा भरलास? पाळी चुकेल," काकूला म्हणाले आणि चपला घालून जिन्यापर्यंत गेले. काकू ओल्या हातानेच मागे धावली. जिन्याच्या तोंडाशी काका थांबले. वळून माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या डब्याकडे बघितलं. मग परत येऊन शर्टासकट भिंतीकडे तोंड करून पडले.

मी हळूच म्हणालो, "काकू, काकांनी ओळखला. म्हणजे आता सर नाही म्हणू शकत नाहीत."

काकूने मला जिन्याकडे ओढलं. आवाज काही चढवला नाही.

"मेल्या, तुका डिग्री व्हयी, म्हायत आसा. पण ह्यांका दुपारची झोप लागाक किती वर्सां गेली, ता इचारलंस कधी? संप झाल्यावर रोज ह्याच टायमाक उठान शर्ट घालीत. आता उद्यापासून परत घालतले, नि परत मीच सांगतलंय, भोंगो नाय, झोपा. तुझे सर येतले सांगूक? काय बोंबलायचा ता कॉलेजात जावन बोंबल. नि ह्या आजचा तुझ्या बुकात घातलंस, तर ह्या घरात पाय ठेवू नको."