सोयाबीनची कंदुरी

नळदुर्गच्या हायवेवर मी एकेकाळी ढाबा चालवला, असं आमच्या भावकीत अजून सांगतात. चालवला हा शब्द जरा जास्तच झाला. ढाबा उभा होता आणि मी त्यात बसलेला असायचो. ट्रकवाले शेजारी जेवायचे आणि चूळ भरायला माझ्याकडं यायचे. पण माणसाला एकदा आचाऱ्याचा शिक्का बसला की तो पुसत नाही. म्हणूनच माकणीच्या अलीकडच्या आमच्या गावाहून काकूंचा फोन आला, तेव्हा त्यांनी ख्यालीखुशाली काही विचारली नाही. एकदम म्हणाल्या, "मटणासारखं लागंल पर मटण नसंल, असं काय करता येतंय का रं तुला?"

मी म्हणालो, "काकू, मला उलटं येतंय. मटण असतंय, पर मटणासारखं लागत न्हाय."

काकू हसल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ये बाबा लवकर. तात्या जेवंनात."

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. दर्ग्याचा नवस फेडायला बोकड कापून गावजेवण घालतात, त्याला आमच्याकडं कंदुरी म्हणतात. आसपासच्या गावांत कंदुरी असली की मटण तात्यांच्या हातचं. मोठ्या डेगीत लाकडाचा वल्हा फिरवत घामानं निथळणारे तात्या मी लहानपणापासून पाहिलेले. पुढं काकू आजारी पडल्या. सोलापूरच्या डॉक्टरांनीही घरी न्या म्हणून सांगितलं. तेव्हा तात्या बोलून गेले, "ही उठू दे, पुन्हा मटणाला शिवणार न्हाय." काकू उठल्या. तात्यांनी गळ्यात तुळशीची माळ घातली आणि डेगीला पाठ केली. कुणी कंदुरीचं आवतण दिलं तर जायचे, पण जिकडं वास येणार नाही तिकडं जाऊन बसायचे.

आता त्यांचं डोकं रिकामं होत चाललं होतं. आधी रानाची वाट विसरले, मग नातवंडं विसरले, मग मला विसरले. त्यात त्यांचं फारसं नुकसान झालं असं नाही. पण त्यानंतर माळ कशासाठी घातली तेही विसरले. माळ गळ्यातच होती, पण ताटापुढं बसले की म्हणायचे, "मटणाचं कालवण कुठाय?" पिठलं बाजूला सारायचे, वरण बाजूला सारायचे, काकूंनी भरवायला घेतलेला घास हातानं उडवायचे. अंगावरचं मांस तर गेलंच होतं, मनगटाची हाडं वर आली होती.

शेजारच्या आबांनी सरळ सांगितलं, "वहिनी, घाला की वाईच मटण. त्यास्नी काय कळतंय आता?"

काकू म्हणाल्या, "त्यास्नी कळंना, म्हणून तर मला कळाय पायजे. माझ्या जिवावर घातलीया ती माळ."

मी पिशव्या घेऊन पोचलो. पहिल्या दिवशी फणस. सोलापूरच्या मंडईतून कच्चा फणस आणला आणि हाताला तेल न लावता चिरायला बसलो. त्याच्या चिकानं बोटं एकमेकांना अशी चिकटली की काकूंना ती गोडेतेल ओतून सोडवावी लागली. फणस शिजला, रेषा तर अगदी मटणासारख्या सुटल्या. तात्यांनी एक फोड चावली, तोंडातून बाहेर काढून उजेडात धरली. "बोकड हाय का सुतळी?"

मग अळंबी आणली, प्लॅस्टिकच्या डब्यातली, पांढरीशुभ्र. काकू उंबऱ्यातच अडवून उभ्या राहिल्या. "कुत्र्याच्या छत्र्या घरात आणतूस व्हय रं?"

"काकू, शहरात लई महाग मिळतंय हे."

"मिळू दे. तिथल्या कुत्र्यांचं कवतिक आसंल."

तरी मी केली. तात्यांनी घास गालात इकडून तिकडं फिरवला आणि गोगलगाय गोगलगाय म्हणत थुंकला. तिसऱ्यांदा सोयाबीनच्या वड्या. त्या मी भिजवल्या पण पिळल्या नाहीत, त्यामुळं दातांखाली पिचकल्या आणि गरम पाणी तात्यांच्या हनुवटीवरून सदऱ्यात गेलं. ते माझ्याकडं बघून काकूंना म्हणाले, "ह्या आचाऱ्याला कुणी आणलं? हाकला त्याला." नाव विसरले होते, पारख नव्हती विसरली.

मी हट्टाला पेटलो. वड्या मिठाच्या पाण्यात उकळल्या, मुठीत दाबून कोरड्या पिळल्या, आलं-लसणाच्या वाटणात मुरवल्या, तेलात लालसर परतल्या. कांदा आणि खोबरं चुलीच्या निखाऱ्यावर करपेपर्यंत भाजलं. काळा मसाला काकूंच्याच हातचा. हाडांची अडचण होती, तिथं शेवग्याच्या शेंगा घातल्या. शेंग काय, नळी काय, चोखायची रीत एकच. चूल अंगणात मांडली, कारण काकूंनाही माळ होती आणि नुसता तसला वास घरात भरलेला त्यांना सोसेना. त्या आत दार लोटून बसल्या. आबा वासावर आले. मी वाटी दिली. अर्धी संपवून त्यांनी हळूच विचारलं, "कुठल्या खाटकाकडचं रं?" माझी छाती फुगली. सोयाबीन आहे म्हटलं तर डोळा मारून म्हणाले, "बरं बरं. मी कुणाला सांगत न्हाय."

तात्या जेवायला बसले. भाकरी कुस्करली, तिच्यावर रस्सा घेतला, कालवलं आणि पहिला घास घेऊन थांबले. मग भराभर जेवू लागले. शेंग चोखताना डोळे मिटले. कित्येक महिन्यांत त्यांना असं जेवताना कुणी पाहिलं नव्हतं. काकू दार किलकिलं करून बघत होत्या, पदर तोंडावर.

आणि तात्या बोलायला लागले. कुठल्या गावच्या कंदुरीला डेग फुटली होती, ती कुणी सांधली, पावसात चूल विझली तेव्हा कडबा कुणाच्या वळईतून उपसला. मला नावानं हाक मारून म्हणाले, "तू तवा एवढासा हुतास. नळी पायजे म्हणून भोकाड पसरलं हुतंस." मी आतल्या दाराकडं बघून मान हलवली, म्हणजे बघा काकू, औषधानं झालं नाही ते कालवणानं झालं. तात्या पुढं सांगत होते. मग तुझी काकू पडली. मग सोलापूर. मग...

त्यांचा खरकटा हात गळ्याकडं गेला.

"माळ हाय माझ्या गळ्यात," तात्या म्हणाले. ताटाकडं बघितलं. "आरं, माळ असताना मटण खाल्लं म्या?"

काकू धावत बाहेर आल्या. "अवो, सोयाबीन हाय ते!"

"सोयाबीन? जलमभर पेरलं ते म्या. मला सांगतीस?"

मी वड्यांचं पाकीट आणलं, एक कोरडी वडी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती चावली. "ही पेंड हाय. पेंड गुरांला घालत्यात." मग रश्शातली वडी उचलून माझ्यासमोर धरली. "आन ह्ये बोकड हाय. डेगीवर हयात गेली माझी. मला फसवतूस व्हय?"

मी शप्पथ घेतली. ताटातली शेंग उलगडून आतल्या बिया दाखवल्या. आबांना हाक मारली, तर ते वाटीकडं बघून घसा खाकरत राहिले. कालवण बिघडलं असतं तर बरं झालं असतं, असं आयुष्यात एकदाच वाटलं. नेमकं त्याच दिवशी ते जमलं होतं.

तात्यांनी हात धुतले. माळ डोक्यावरून काढली, पुसली आणि काकूंच्या हातात दिली. "तुझ्यासाठी घातली हुती," म्हणाले. "आता तुला काय झालं तर माझ्यामुळं."

दुसऱ्या दिवशी मला वाटलं, विसरले असतील. जेवण विसरले होते, मला पुन्हा विसरले होते. पण काकू माळ घालायला गेल्या तर दोन्ही हातांनी गळा झाकून बसले. "मला न्हाय. मी बाटलोय." कशानं बाटलात विचारलं की रडायचे, सांगता यायचं नाही. माळ देणारे बुवा येऊन समजावून गेले, त्यांनाही हात लावू दिला नाही. मटण कधीच मागितलं नाही. काहीच मागितलं नाही. काकूंना जरा खोकला आला की तेवढे उठून त्यांच्या तोंडाकडं बघत राहायचे. भाकरी दुधात भिजवून पुढं ठेवली तर वास घेऊन वाटी दूर करायचे, ह्यात काय मिसळलंय म्हणून. थंडी पडायच्या आत गेले.

मी पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. ढाबेवाला आला, असं कुणीतरी कुजबुजलं. बायका काकूंना सांगत होत्या, "आता तरी घाला गळ्यात. जाताना माळ असावी." काकूंच्या मुठीत माळ होती. त्यांनी मला आत बोलावलं, दार लोटलं.

"गावात कायबाय बोलत्यात," त्या म्हणाल्या. "तू काय घातलं हुतंस त्यात? खरं सांग. मी रागवणार न्हाय."

"काकू, सोयाबीन होतं."

"त्यांनी जेवावं म्हणून, मायेनं का होईना, थोडं..."

"न्हाय काकू. एक तुकडाबी न्हाय."

माझा हात उचलून त्यांनी स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "आता म्हण."

मी म्हणालो. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडं खूप वेळ बघितलं. आयुष्यभर माझ्या तोंडून त्यांनी थट्टाच ऐकली होती. मग माझा हात त्यांनीच खाली ठेवला.

"त्यांनी सोताच्या हातानं काढलीया," त्या म्हणाल्या. "मी कुठल्या भरवशावर घालू?"

माळ त्यांनी पदराच्या टोकात बांधली आणि बाहेर जाऊन माणसांना म्हणाल्या, "उचला."