केदारच्या वाटेवर गंगाक्का

चढ लागला की माणसं गप्प होतात. आमच्या गंगाक्का बोलायला लागत. जिंतूरच्या घाटात बैलांना जड होऊ नये म्हणून आम्ही गाडीतून उतरायचो, तेव्हा अक्कांची जीभ पायांच्याही पुढं धावे. "चढाकडं बघू नये, पोरी. बघितलं की त्याला मिजास येती."

अक्का माझ्या थोरल्या नणंद. लवकर विधवा झाल्या, मूलबाळ नव्हतं, म्हणून बोरीला भावाकडे राहिलेल्या. गळ्यात लिंग, कपाळी विभूती आणि तोंडी एकच धोशा: केदारला जायचं. निजामी अमलातली ती वर्षं. ह्यांना दुकानातून सवड मिळाली तीच दसऱ्यानंतर. परभणीहून निघून आगगाडीनं हरिद्वार आणि पुढं पायी, असे आम्ही तिघं केदारखालच्या चट्टीवर, यात्रेकरूंच्या मुक्कामाच्या जागी, पोचलो, तोवर दिवाळी आली होती. भाऊबीजेला देवळाची दारं मिटायची, ती थेट उन्हाळ्यात उघडायची.

आदल्या दिवशी पहाटे निघालो तर वाट पांढरी. बर्फ त्या साली लवकर पडलं होतं. वर भुसभुशीत, खाली काचेसारखं गुळगुळीत. खेचरवाल्यांनी पायांना काथ्या गुंडाळलेला पाहून अक्कांनी वळकटीची सुतळी सोडली आणि आमच्या जोड्यांना करकचून बांधली. "आता सरका बघू!" म्हणून त्या पुढं झाल्या, वांग्याच्या भाजीत तीळ किती घालावेत ते सांगत.

अर्ध्या वाटेत मी ओढ्यात पडले. पाय भिजले आणि थोड्या वेळानं दुखायचेच थांबले. मला बरंच वाटलं. अक्कांनी बोटं चिमटून पाहिली.

"कळायलंय का?"

"नाही."

त्यांनी वर पाहिलं. मग कनवटीचा बेल काढून भावाच्या हातात दिला. "तू जा. दोघींच्या वाटचा वाहा. आमी माघारी जातो."

"अक्का, मी हिला नेतो, तुम्ही जा," हे म्हणाले.

"तुला काय कळतंय यातलं? नीघ!"

चट्टीत मी शेकोटीकडे पाय नेले, तर "आग नगं, बधिर कातडी भाजंल" म्हणत त्यांनी ओढून घेतले आणि लुगड्याखाली स्वतःच्या उघड्या पोटाला लावले. शहारल्या, पण हसल्या. "या पोटी लेकरू कवा राहिलं न्हाई. तुजे पाय तरी राहू दे." संध्याकाळी बोटांत मुंग्या आल्या, मी कळवळून रडले. "रड, रड! जित्ती हायत बोटं!" त्या टाळ्या पिटत होत्या.

दुसऱ्या दिवशी, भाऊबीजेला, हे उतरून आले. अक्कांनी ओवाळलं. ओवाळणी काय घालू, विचारलं तर म्हणाल्या, "काय काय बघितलंस ते सांग. घाई करू नको." ह्यांनी दारापासून गाभाऱ्यापर्यंत सगळं सांगितलं. अक्का डोळे मिटून ऐकत राहिल्या.

केदारला जाणं त्यांच्या नशिबी पुन्हा आलं नाही. यात्रेहून परतल्यावर बोरीला मावंदं मात्र त्यांनी दणक्यात घातलं. पंगतीत वाढताना शेजारणीनं हळूच विचारलं, "इतक्या जवळ जाऊन माघारी आलात. मनाला लागलं असंल न्हाई?"

"लागलं की. लय लागलं," अक्का म्हणाल्या. "पर तू जेव आदी. पुऱ्या निवायल्यात."