फोटोतला मामाचा हात

माझ्या गेलेल्या मामाचा हात लोक अजून शेअर करतात.

आज सकाळी इथे जर्मनीत, एर्लांगेनच्या बसमध्ये, फोनवर पुन्हा समोर आला. या वेळी खाली जर्मन मजकूर होता.

आज मामाला जाऊन वर्ष झालं.

मामा अमेरिकेत राहायचा. तिकडच्या उजव्या पक्षाचा कट्टर माणूस. निवडणूक आली की लाल टोपी घालून शेजारच्या डेलबरोबर दारोदार प्रचाराला फिरायचा.

त्यांच्या सभांत बाहेरून आलेल्या लोकांबद्दल जे बोललं जायचं, त्याच्या क्लिप्स मी इथे बसून बघायचे. अंगावर काटा यायचा. अशी भाषणं शेवटी कुठे पोचली, ते इथे मुलांना शाळेच्या सहलीत हिटलरच्या छळछावण्यांत नेऊन दाखवतात.

मामा हसायचा. "प्राजू, ते आपल्याबद्दल नाही बोलत गं. आपण रीतसर लायनीत उभं राहून आलो."

मी वाद घालायचे. तो म्हणायचा, तुम्ही युरोपवाले फार घाबरट. मग विषय बदलून विचारायचा, मोदकाची पिठी मिळते का तिकडे.

गणपतीत त्याचं दार उघडं असायचं. गणपतीला आमंत्रण लागत नाही, ज्याला यायचं त्यानं यावं. आरती तोच सांगायचा. त्यानं एकदा सूर लावला की देवाचीही ऐकल्यावाचून सुटका नव्हती!

आणि एक कडक नियम. आरतीच्या वेळी फोन बंद. सख्ख्या मुलीलाही त्यानं कधी फोटो काढू दिला नाही.

एकदाच सूट दिली. डेलला.

"पाहुणा आहे, घेऊ दे त्याला."

डेल बूट काढून आत आला होता. मोदक मागून खाल्ले होते.

थोड्या दिवसांनी माझ्या लेकीच्या, इराच्या, शाळेच्या ग्रुपवर एक फोटो फिरत आला. मखर, मागे मामीची हिरवी पैठणी, मध्ये बाप्पा. कोपऱ्यात आरतीचं तबक धरलेला एक हात, पोवळ्याची अंगठी घातलेला.

खाली इंग्लिशमध्ये लिहिलं होतं, हे सैतान आता आपल्या गल्लीत राहायला आलेत.

"दास इस्ट दोख बाय आजोबा," इरा म्हणाली. हे आजोबांचं घर आहे ना?

मी हो म्हटलं.

त्याखालच्या कमेंट्स मी इथे लिहिणार नाही. परत जा, ही त्यातल्या त्यात सभ्य.

मी रिपोर्ट केला. उत्तर आलं, नियमांचा भंग झालेला नाही. परत केला. परत तेच.

फोटो मामापर्यंतही पोचला, तसा तो डेलकडे गेला. डेलनं दार लावून घेतलं नाही, उलट खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "नथिंग पर्सनल. यू आर वन ऑफ द गुड वन्स."

हे मामानंच मला फोनवर सांगितलं. 'मी सांगत नव्हते?' हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

त्यानंतरच्या गणपतीत त्यानं व्हिडिओ कॉल लावला. तिकडची सकाळ, इकडची दुपार. दार बंद. पडदे ओढलेले. मामा समोर उभा, हातात तबक, ओठ हलतायत.

मला वाटलं माईक बंद राहिला.

"मामा, आवाज येत नाहीये."

"चालू आहे गं. हळूच म्हणतोय."

माझा मामा. हळूच.

त्या थंडीत तो झोपेतच गेला. हार्ट, असं डॉक्टर म्हणाले. असेल. पण मला अजून ते हलणारे ओठ दिसतात. भांडी घासताना, मीटिंगमध्ये, कुठेही.

आज बसमध्ये तो फोटो बघत असतानाच मामीचा फोन आला.

"प्राजू, तो फोटो आहे ना गं तुझ्याकडे? त्यातला ह्यांचा तेवढा हात काढून पाठव. आरती करतानाचा ह्यांचा दुसरा फोटोच नाही."

मी बसमध्येच तो फोटो कापला. पैठणी गेली, मखर गेलं, खालची अक्षरं गेली. बाप्पाही गेला, इलाज नव्हता. हात राहिला, तबक आणि निरांजन.

माझा स्टॉप कधी मागे पडला कळलं नाही.

आज संध्याकाळी आरती म्हणणार आहे. मोठ्यानं, मामासारखी. खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजींना आधीच सांगून आलेय.

दार उघडं ठेवायचं की नाही, ते मात्र अजून ठरत नाहीये.

मामा, तुझ्या हाताला नमस्कार.