मंडळाला वाढलेली मरळ

मी एकदा अख्ख्या मंडळाला त्यांनीच राखलेली मरळ रांधून वाढली, आणि वरून विचारलं, मीठ बरोबर पडलं ना? हा माझा मूर्खपणा सौंसरमध्ये अजून सांगतात. दुसऱ्याच्या तोंडून ऐकला की मासा दर वेळी थोडा वाढतो, म्हणून एकदा मीच लिहून टाकते.

तेव्हा मी आजी नव्हते. पन्नाशीला आलेली, अंगानं भरलेली आणि जिभेनं त्याहून भरलेली बाई होते. जगात आपल्याला न कळणारं फार थोडं आहे, आणि ते नवऱ्याला विचारण्यासारखं तर मुळीच नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

आमचे हे रविवार उजाडला की रामाकोन्याला कन्हान नदीवर जात. त्यांचं गळवाल्यांचं मंडळ होतं. त्यात एक कंपाउंडर, एक संत्र्याचे व्यापारी, आमचे हे आणि सगळ्यांत वडील ते ड्रायव्हरभाऊजी. त्यांनी जन्मभर नागपूर-छिंदवाडा बस चालवली होती. बायको वारली, नोकरी सुटली, आणि मग नदीच उरली. कंपाउंडरनं कुठंतरी मोबाइलवर पाहिलं होतं की परदेशात लोक गळाला पिसाची खोटी माशी बांधून मासे धरतात. झालं. कोंबड्याच्या मानेची पिसं, टेलरकडचा रेशमी दोरा आणि बारीक गळ घेऊन हे चौघं आमच्या ओसरीवर माश्या बांधत बसायचे. शेजारणीचा कोंबडा त्या वर्षी उघड्या मानेनं फिरायचा. ती मला विचारायची, अन् मी आपली आभाळाकडं पाहायची.

इथवर ठीक होतं. पण ही माणसं गळाचा उलटा काटा पकडीनं चेपून टाकायची. मासा लागला तर हात ओले करून त्याला सोडवायचा, घटकाभर पाण्यात धरायचा आणि जाऊ द्यायचा. घरी फक्त चिखलाचे पायजमे यायचे. बाया मला विचारायच्या, "तुमचे साहेब मासे धरून नदीलेच वापस देतात म्हणे?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मीही मग यांना सोडत नसे. म्हणायची, उद्यापासून मीही भाजी शिजवते, वास घ्या आणि परत बुडकुल्यात ओतू.

ते असं का करत होते हे यांनी मला अनेकदा सांगितलं होतं. ऐकायला मला वेळ नव्हता. नदीत ब्लिचिंग पावडर टाकून मासे धरायची रीत पडली होती. पोतं ओतलं की लहानमोठं सगळं पोट वर करून तरंगायला लागतं. रामाकोन्याच्या डोहात त्यामुळे काही उरलंच नव्हतं. मंडळ गावात जाऊन बसलं, तर लोक म्हणाले, तुमचा शौक आहे, आमचं पोट आहे. त्यात खोटं काय होतं? मग ड्रायव्हरभाऊजी पारावर जाऊन बसायला लागले. एक दिवस नाही, कितीतरी दिवस. कुणाच्या म्हशीचं ऐकलं, कुणाच्या पोरीच्या सोयरिकीचं ऐकलं, आणि शेवटी एवढंच मागितलं की बाकी नदी तुमची, हा एक डोह तेवढा सोडा. गावानं सोडला. त्याला काही वर्षं झाली, आणि त्या पोळ्याच्या सुमाराला डोहात मरळीची जोडी दिसली.

ड्रायव्हरभाऊजींना काचबिंदू होता. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकेल तेवढी टिकेल. त्यांना समोरचं माणूस कळायचं, रंग कळायचे, बारीक काही कळत नसे. ते आमच्या ओसरीवर चहा पिताना यांना म्हणाले होते की डोळे जायच्या आधी त्या डोहात मरळीची पिल्लं वाढताना एकदा पाहायची आहेत, मग गेले तर गेले. मी चहा आणून दिला होता. म्हणजे मी ऐकलं होतं. पण माझं लक्ष त्या दिवशी बशीच्या टवक्याकडं होतं.

पुढं एका मंगळवारी हे कामावर गेले आणि मी यांची गळाची काठी उचलली. ठरवलं होतं की यांच्या सगळ्या मंडळाला जे जमलं नाही ते एका दुपारी करून दाखवायचं. रामाकोन्याला बसमधून उतरले, डोहावर गेले. कडेला पाणी संथ होतं आणि त्यावर एक लाल डाग हलत होता. परातीएवढा. कुणी पाण्यावर शेंदूर सांडावा तसा, आणि तो शेंदूर मध्येच बुडायचा, परत वर यायचा. मला वाटलं, एवढं लाल आहे त्याअर्थी खाली काहीतरी मोठं असणार. यातलं अर्धं बरोबर होतं, हेच वाईट.

पिसाची माशी मी त्या लालात टाकली. दुसऱ्या क्षणाला काठी हातातून जायला आली. मी काठी टाकली, दोर दोन्ही हातांनी ओढला आणि मागच्या मागे चिखलात बसले. मरळीनं मनात आणलं असतं तर त्या चेपलेल्या गळातून सुटली असती. पण तिनं ओढ दिली ती माझ्याकडं पाठ करून, परत त्या लाल डागाकडं. दोर काही ढिला पडला नाही.

मरळ पाण्याबाहेर लवकर मरत नाही. बसमध्ये पायाशी ठेवलेल्या पिशवीत ती सौंसरपर्यंत जिवंत होती. मध्येच उसळायची. शेजारच्या माणसानं पाय वर घेतले. कंडक्टरनं विचारलं, हिचं अर्धं तिकीट काढू का? सगळी बस हसली आणि मी सगळ्यांत जास्त. रामाकोन्यापासून घरापर्यंत कितीदा तरी मला परत फिरता आलं असतं. पण मी वाटेत खसखस विकत घेतली.

कांदा आणि खोबरं भाजून, पाट्यावर वाटून रस्सा केला. संध्याकाळी मंडळ बोलावलं. चौघं ओळीनं बसले. मी वाढलं, मिठाचं विचारलं आणि उभी राहिले. यांनी विचारलं की मरळ कुठं भेटली. मी थाटात सांगितलं, रामाकोन्याच्या तुमच्याच डोहात, ते लाल लाल तरंगते ना, त्याच्या खालून काढली.

कुणाचाही हात ताटापर्यंत गेला नाही. कंपाउंडर ताटाकडं पाहत राहिला. व्यापारी बाहेर पाहायला लागले. मला वाटलं, जळले! बाईनं धरली म्हणून जळले. आज लिहिताना त्या बाईला दोन कानशिलात द्यावीशी वाटते, पण हात पोचत नाही.

फक्त ड्रायव्हरभाऊजींनी भाकरी मोडली. कुस्करली, रस्सा घेतला, जेवले. काटे काढायला त्यांना वेळ लागायचा, नीट दिसत नसे. ताट पुसून घेतलं आणि म्हणाले की खसखस चांगली भाजली गेली. मग हात धुऊन, चपला पायानं चाचपून घरी गेले.

ते गेल्यावर यांनी मला सांगितलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर भांडता तरी आलं असतं. तो लाल डाग म्हणजे मरळीची पिल्लं. काळी पडेपर्यंत ती झुंडीनं राहतात आणि आईबाप खालून राखण करतात. त्यांच्यावर काही पडलं की मरळ भूक नसली तरी तोंड घालते. तिनं माझी माशी खायला घेतलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रामाकोन्याच्या बसमध्ये बसले. ड्रायव्हरभाऊजी डोहावर होतेच. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी सरकून दगडावर जागा दिली. नर अजून राहिला होता, ते म्हणाले, एकटा राखतो कधी कधी. मग विचारलं, "वहिनी, डाग केवढा हाय? मले नुसतं लाल दिसून राहिलं."

मी सांगितलं, परातीएवढा. तो ताटाएवढा होता.

तेव्हापासून मी रोज जायला लागले. स्वयंपाक उरकायचा, डबा घ्यायचा, बस धरायची. हातात वेळूची काठी. बगळा आला की उठून हाकलायचा, खंड्या फांदीवर बसला की दगड मारायचा. माझ्या दगडानं खंड्याला कधी काही झालं नाही, एकदा कंपाउंडरच्या टिफिनला मात्र पोचा आला. मंडळही आळीपाळीनं येऊन बसायचं. आधी माझ्याशी तुटक बोलायचे, मग हळूहळू नेहमीसारखे बोलायला लागले. ड्रायव्हरभाऊजी मात्र पहिल्यापासून नेहमीसारखेच होते, आणि ते मला जास्त लागायचं. रोज तोच प्रश्न विचारायचे. मी रोज सांगायची, तेवढाच आहे, थोडा पसरलाय, पिल्लं मोठी होऊन राहिली. डाग वाटीएवढा झाला. मग मूठभर पिल्लं उरली, ती कमळाच्या पानाखाली शिरायची आणि मला मोजताही यायची, पण मी मोजली नाहीत.

आता ते मंडळ नाही. व्यापारी मुलाकडं पुण्याला गेले, आमचे हे गेले. ड्रायव्हरभाऊजींची नजर त्याच हिवाळ्यात पूर्ण गेली, आणि पुढं काही वर्षांनी तेही गेले. मरळ त्या डोहात परत आली की नाही, मला माहीत नाही. पुढं रेतीचे ट्रॅक्टर तिथपर्यंत उतरायला लागले. नात मला विचारते, आजी, तू मासे का खात नाही? मी सांगते, दात नाहीत. दात आहेत.

त्या पिल्लांच्या दिवसांतल्या शेवटच्या सकाळी डोहावर धुकं होतं. मी पानं काठीनं बाजूला करून पाहिली, कडेकडेनं पार त्या टोकाच्या खडकापर्यंत जाऊन पाहिलं. काही नव्हतं. परत येऊन दगडावर बसले. साडीचा काठ ओला झाला होता, तो पिळत बसले. ड्रायव्हरभाऊजींनी विचारलं, आज केवढा आहे? मी म्हटलं, चांगला आहे, आज तर जास्तच लाल दिसतो. आवाज मला वाटला तेवढा साधा निघाला नसावा. त्यांनी हात लांबवून माझ्या हातातली वेळूची काठी काढून घेतली आणि खाली ठेवली.

"वहिनी, नर श्वास घ्याले वर येते तवा पाण्याचा आवाज होते. तो आवाज बंद होऊन लय दिवस झाले. तुम्ही रोज येऊन राहिल्या होत्या, म्हणून मी विचारून राहिलो होतो."