देवीपुढे ठेवलेली टेप कोण वाचत होते?

तारखांची नोंद आधी करतो. पहिली, गेल्या वर्षीची खंडेनवमी, म्हणजे आमच्या म्हैसूरची आयुधपूजा. दुसरी, दसऱ्यानंतर कचेरी उघडली तो दिवस. तिसरी, दिवाळीच्या तोंडावर माझ्या मुलीला ‘कारणे दाखवा’ नोटीस मिळाली तो दिवस. चौथी, कार्तिकातील चौकशीचा दिवस. त्या दुपारी मी जे पाहिले ते पूर्ण शुद्धीवर असताना आणि इतरांच्या समक्ष पाहिले. या प्रकरणी मी तिघांना जबाबदार धरतो: बेळगोळ औद्योगिक वसाहतीतील एका माहिती-साठवण कंपनीचे व्यवस्थापक, चौकशी चालवणारे तेथील मनुष्यबळ अधिकारी, आणि यंत्र पुरवणाऱ्यांचा अभियंता, ज्याने सर्व डोळ्यांनी पाहून अहवालात ‘दोष आढळला नाही’ असे लिहिले. नावे छापत नाही. त्यांना ती ठाऊक आहेत.

या सदरातले अमानवीय अनुभव मी अनेक वर्षे वाचत आलो आणि एकावरही विश्वास ठेवला नाही. साक्षीदाराशिवायच्या हकीगती छापू नयेत, असे संपादकांना पत्रही लिहिले होते. आज मीच लिहितो आहे… यातला अवघडलेपणा वाचकांनी समजून घ्यावा.

मी नजरबादला राहतो. आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड हा आमचा पिढ्यांचा रिवाज. माझी नोकरी सरकारी कचेरीच्या विधी विभागात झाली. साक्ष, पुरावा आणि पंचनामा यांपलीकडे काही असते, असे मला कधी वाटले नाही.

माझी धाकटी मुलगी रेणुका त्या कंपनीत टेप लायब्ररी सांभाळते. लायब्ररी म्हणजे एका खोलीएवढे बंद यंत्र. आत भिंतीभर कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक कार्ट्रिज; आपल्या जुन्या कॅसेटची जाडजूड बहीण म्हणा. दवाखाने, कारखाने, शाळा आपल्या जुन्या नोंदी अशा टेपांवर ठेवतात. कोणी नोंद मागितली की रोबोटचा हात ती कार्ट्रिज कप्प्यातून काढतो, ड्राइव्हमध्ये चढवतो, आणि वाचून झाली की जागेवर ठेवतो. रेणुकाचे काम त्या यंत्राच्या वापराची आकडेवारी पाहण्याचे: कोणती टेप किती वेळा चढली, ड्राइव्हमध्ये किती वेळ राहिली, कोणत्या वेगाने वाचली गेली, कुठे अडखळली. वैद्य नाडी पाहतो, तसेच ते काम आहे.

आयुधपूजेला म्हैसुरात रिक्षापासून गिरणीपर्यंत सर्वांना विश्रांती असते. हत्यार एकदा पूजेला लागले की विजयादशमीपर्यंत त्याला हात लावायचा नाही. आमच्या घरी तलवार लागते. कंपनीत लायब्ररी लागली. एवढे यंत्र देवीपुढे नेणार कसे? तेव्हा व्यवस्थापकांनी स्वतः दार उघडले, हाताला आली ती कार्ट्रिज काढली, तिला कुंकू लावले आणि तसबिरीपुढे झेंडूच्या फुलांत ठेवली. यंत्राचे सर्व काम थांबवले होते. आरती झाली, चुरमुरे आणि केळी वाटली, आणि खोलीला कुलूप लावून किल्ली व्यवस्थापकांनी खिशात टाकली. याचे फोटो आहेत. कार्ट्रिजवरचा क्रमांक त्यांत स्वच्छ वाचता येतो.

दसऱ्यानंतर रेणुका कामावरून आली ती पायातले न काढता माझ्यापुढे बसली.

“अप्पा, सुट्टीत एक टेप चालली.”

“कोणती?”

“देवीपुढची.”

“म्हणजे कोणीतरी ती परत आत घातली.”

“अल्ला, तसं नाही अप्पा. कुलूप काढलं तेव्हा फुलांतच होती. कुंकू तसंच.”

“मग तुझा आकडा चुकला.”

“आकडा चुकेल हो. वाचण्याची तऱ्हा कशी चुकेल?” ती म्हणाली. “यंत्र वाचतं ते नळ सोडल्यासारखं, एका धारेत. हे तसं नाही. थोडं वाचलंय, थांबलंय, मागे जाऊन तेवढंच परत वाचलंय. तुम्ही निकालपत्र वाचता ना, बोट ठेवून, तस्संच. आणि वाचलेलं कुठल्याच कॉम्प्युटरला गेलेलं नाही. कोणी मागितलंच नव्हतं.”

मी तिला लेखी कळवायला सांगितले. तिने कळवले, आणि दिवाळीच्या तोंडावर नोटीस तिच्याच हातात पडली: सुट्टीत टेप गुपचूप चढवली, ग्राहकाची माहिती बाहेर जाऊ दिली. व्यवस्थापकांनी मला फोन केला. ते कन्नडमध्ये बोलले, मराठी माझे आहे. “नीवु दोड्डवरु, तुम्ही वडीलधारे. मुलीला समजवा. नोंद चुकून लिहिली एवढं लिहून द्यायचं, सही करायची. नोकरी राहील.”

सही कर असे मी तिला सांगितले नाही, त्यांचा निरोप तेवढा दिला. ती म्हणाली, “दिसलं ते सांगायचं, एवढंच माझं काम आहे. तेच खोटं होतं म्हणून सही केली तर उद्या माझा कुठला आकडा कोण मानेल?”

तिच्या या वाक्यावर मी तिचा बचाव प्रतिनिधी म्हणून उभा राहिलो. बसमध्ये तिने मला बजावले, “तिथे ‘महोदय’ म्हणून उभे राहू नका. ती मीटिंग रूम आहे.”

चौकशीत अभियंत्याने मान्य केले की प्रत्येक कार्ट्रिजच्या पोटात एक चिप असते, आपण किती वेळा चढलो याची मोजणी तीच ठेवते, आणि ती बाहेरून बदलता येत नाही. चिपची मोजणी रेणुकाच्या आकडेवारीशी तंतोतंत जुळली. मनुष्यबळ अधिकारी म्हणाले, चिपही बिघडू शकते. मी म्हटले, मग आत्ता, सर्वांसमक्ष पाहू. तीच कार्ट्रिज तिच्या कप्प्यातून बाहेर काढवली. घरून नेलेल्या कापडात ती गुंडाळली, सुतळी बांधली, मेणबत्तीवर लाख वितळवून मोहर केली आणि पंचनाम्यावर सर्वांच्या सह्या घेतल्या.

“काय सर, म्हैसूर पाक पार्सल करताय?” व्यवस्थापक हसले. सही मात्र त्यांनी केली.

पुडके माझ्यापुढे टेबलावर. काचेपलीकडे लायब्ररी, सर्व कामे बंद. भर दुपार होती. कॉफी आली, ती आम्ही प्यायलो. मनुष्यबळ अधिकारी घड्याळ पाहू लागले, आणि तेवढ्यात… रोबोटचा हात हलला.

तो सरकत त्या रिकाम्या कप्प्यापाशी गेला. रिकामा कप्पा मला काचेतून दिसत होता. हाताची बोटे आत गेली आणि मिटली. पूर्ण मिटली नाहीत, हे मी मुद्दाम नोंदवतो. मध्ये कार्ट्रिजच्या जाडीएवढी जागा राखून ती थांबली, आणि तेवढीच जागा धरून हात ड्राइव्हकडे गेला. ड्राइव्हने ती घेतली. पडद्यावर उमटले: टेप चढली, वाचन सुरू.

“बंद करा ते,” व्यवस्थापक म्हणाले.

“सर, सुरू कोण केलंय? बंद करायला काही चालूच नाहीये,” अभियंता म्हणाला. त्याने तरीही कळा दाबून पाहिल्या. वाचन थांबले नाही.

रेणुका पडद्यावरचे वाचून दाखवू लागली. आवाज अगदी सरळ, रोजच्यासारखा. “पुढे चालली… थांबली… मागे गेली… परत तेच.”

अधिकाऱ्यांनी विचारले, मोहर शाबूत आहे का? मी पुडक्यावर तळहात ठेवला. लाख फुटलेली नव्हती, पण मऊ झाली होती. माझ्या अंगठ्याचा ठसा तिच्यात उमटला. पुडके उबदार होते, आणि आत काहीतरी बारीक थरथरत होते. रेणुका “थांबली” म्हणाली की ती थरथर थांबे. “पुढे” म्हणाली की सुरू होई. हात काढावा असे वाटत होते. काढला नाही, कारण मग माझ्या साक्षीला काय अर्थ राहिला असता? व्यवस्थापकांना मी हात लावून पाहायला सांगितले. ते खुर्ची मागे सारून भिंतीपाशी गेले.

काही वेळाने थरथर शमली. रोबोटचा हात परत आला, रिकाम्या कप्प्यात न दिसणारे काहीतरी ठेवून जागेवर गेला. मोहर सर्वांसमक्ष फोडली. चिपवर चढण्याची नोंद वाढली होती.

आठवड्याभरात निकाल आला: ‘यंत्रातील तात्पुरता अडथळा व कर्मचाऱ्याची नोंदीतील चूक.’ माझा पंचनामा कागदपत्रांत नाही. रेणुका निलंबित होऊन घरी आहे. त्या टेपवर काय आहे आणि ती कोणाची, असे मी विचारले. ग्राहकाची गोपनीयता, असे उत्तर आले. मी संगणकाचा बिघाड मानून पाहिला, हातचलाखी मानून पाहिली, सामूहिक भ्रमही मानून पाहिला. तळहाताखालची ती ऊब यांपैकी कशातच बसत नाही. माझ्याजवळ स्पष्टीकरण नाही, आणि हे वाक्य लिहिताना मला लाज वाटते.

एक गोष्ट रेणुकाने घरी आल्यावर सांगितली, ती चौकशीत कोणी विचारली नव्हती. त्या दुपारचे वाचन आयुधपूजेच्या दिवशी जेथे थांबले होते, नेमके तेथून पुढे सुरू झाले होते. जो कोणी आहे तो क्रमाने वाचतो आहे, आणि टेप अजून बरीच शिल्लक होती. तिला घरी बसवल्यापासून ती आकडेवारी कोणी पाहत नाही.

म्हणून माझी मागणी आहे की व्यवस्थापकांनी याच सदरात, स्वतःच्या सहीने उत्तर द्यावे. रेणुका खोटे बोलते असे त्यांना म्हणायचे असेल तर तसे एका ओळीत लिहावे. ती ओळ मी न्यायालयात नेईन. तसे लिहिण्याचे धाडस नसेल, तर त्यांनी आजची आकडेवारी उघडावी आणि त्या टेपच्या मालकाला व आम्हा सर्वांना जाहीर सांगावे, की वाचन कुठवर आले आहे.